बोटाला पाठ असलेली अक्षरं

मागच्या आठवड्यात सकाळी शाळेत फोनवरचं हजेरीचं अॅप उघडेना. आधी अपडेट करा म्हणालं. अपडेट करायला घेतलं तर जागा नाही म्हणालं. मग वर्गाबाहेर जांभळीखाली उभी राहून मी भाचीच्या लग्नातले फोटो एकेक करून पुसत बसले, आणि आत चौथीची पोरं बाकांवर नाचत होती. शेजारच्या वर्गाचे तरुण सर दारातून म्हणाले, "मॅडम, दाबून टाका ना एकदाचं अपडेट. एवढं काय घाबरता?"

मी दाबलं. पण दाबताना बोट क्षणभर थांबलंच. गेली बारा-तेरा वर्षं ते असंच थांबतं. एकदा मी असंच एक बटण न विचारता दाबलं होतं, आणि त्यापायी एका माणसाची वर्षभराची मेहनत मातीत घातली होती.

तेव्हा माझी पहिलीच नेमणूक होती. केशोरीपासून सहा किलोमीटर आत, तलावाच्या काठाला धरून वसलेल्या गावात. मी गोंदिया शहरात वाढलेली. घरी मराठी, पण गल्लीत, बाजारात, मैत्रिणींत सगळी हिंदीच. त्या गावची बोली मला पहिले महिनाभर अर्धीच कळायची. शाळेत आम्ही दोघंच, मी आणि मुख्याध्यापक. त्यांना सगळं गाव मोठे गुरुजी म्हणायचं, मीही गुरुजीच म्हणायचे. ते त्याच गावचे. त्यांच्याच पूर्वजांनी तो तलाव बांधला, असं गावात सांगत. निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना त्यांनी स्वतःच्या गावी बदली मागून घेतली होती.

शाळेत एक कॉम्प्युटर होता. कुठल्याशा योजनेतून आलेला. बसवायला आलेला माणूस एका सीडीतून मराठी अक्षरांचा फॉन्ट टाकून गेला आणि कोणतं बटण दाबलं की कोणतं अक्षर येतं याचा छापील तक्ता भिंतीवर चिकटवून गेला. तो पुन्हा कधी आला नाही. गुरुजींनी त्या यंत्राची देखभाल मात्र घरच्या गाईसारखी केली. त्यांच्या बायकोच्या, म्हणजे काकूंच्या, जुन्या लुगड्याचं झाकण शिवून घेतलं. कॉम्प्युटरच्या पेटीत मुंग्यांनी घर केलं तर स्क्रू काढून, मोरपिसानं एकेक मुंगी झाडली. लाइन, म्हणजे वीज, जायची वेळ झाली की दहा मिनिटं आधीच बंद करायचे, आणि मला म्हणायचे, "मॅडम, मशीनले झटका बसू देयाचा नाही. माणसासारखंच आहे ते."

आणि रोज शाळा सुटल्यावर ते त्यावर एका बोटानं टंकत बसायचे. उजव्या हाताचं दुसरं बोट. तक्त्याकडे बघायचे, बटण शोधायचे, दाबायचे, पडद्यावर अक्षर उमटलं का पाहायचे. एक ओळ लिहायला पाव तास. काही महिन्यांनी तक्त्याकडे बघणं कमी झालं, मग थांबलंच. निवडणुकीआधी शाळेला रंग द्यायला माणसं आली आणि त्यांनी तो तक्ता खरवडून टाकला, तेव्हाही गुरुजींना काही वाटलं नाही. "राहू द्या. मले आता लागत नाही," एवढंच म्हणाले.

काय लिहिता, असं मी एकदा विचारलं. त्यांनी खुर्ची सरकवून मला जागा दिली. ते तलावाचं लिहीत होते. कोणत्या सालच्या दुष्काळानंतर पाळ उचलली, माती कुठून आणली, कुणाच्या बैलजोड्या होत्या. तुडुम, म्हणजे तलावातलं पाणी पाटात सोडायची दगडी जागा, ती कुणी बसवली. मग पाणी कोणत्या वाटेनं कोणत्या बांधीत जातं. धानाच्या शेतातल्या प्रत्येक तुकड्याला तिकडे बांधी म्हणतात आणि प्रत्येक बांधीला नाव असतं. बेलबांधी, बुढीची बांधी, नागबांधी, एकीचं नाव नुसतंच 'रुसवी'. पाणी ज्या क्रमानं उतरतं त्या क्रमानं त्यांना ती सगळी नावं लिहायची होती.

"म्हातारे एक एक करून जाऊन राहिले, मॅडम," ते म्हणाले. "नावं बी त्यांच्यासंगच जातात. नव्या पोरांले इचारा, सर्व्हे नंबर सांगतात."

ते संध्याकाळी गावातल्या म्हाताऱ्यांकडे बसायचे, ऐकून यायचे आणि दुसऱ्या दिवशी टंकायचे. कागदावर आधी लिहून घेत नसत. मी विचारलं तर म्हणाले, दोनदा कायले लिहायचं? सगळं डोक्यात असतं आणि डोक्यातून सरळ मशीनमध्ये जातं. शाळेत प्रिंटर नव्हता. सगळं पूर्ण झालं की अर्जुनीला नेऊन छापायचं आणि निवृत्तीच्या दिवशी ग्रामपंचायतीला एक प्रत द्यायची, असं त्यांनी ठरवलं होतं.

कधीकधी काकू शेतातून परतताना शाळेच्या फाटकाशी थांबायच्या. पायांना चिखल, डोक्यावर गवताचा भारा. तिथूनच ओरडायच्या, "घरी येता का आज बी कॉम्प्युटरसंगच राहता?" गुरुजी बोट न थांबवता म्हणायचे, "आलो, आलो." भारा घेऊन त्या पुढे निघून जायच्या.

आता माझी करणी सांगते.

पडद्याच्या कोपऱ्यात रोज एक सूचना यायची. सिस्टम जुनी झाली आहे, अपडेट करा. गुरुजी ती रोज बंद करायचे. मी तेवीस वर्षांची, कॉम्प्युटरचा कोर्स केलेली. मला ते बघवायचं नाही. मी दोन-तीनदा म्हटलं, "गुरुजी, अपडेट केलं की मशीन जलद चालेल. व्हायरस येणार नाही."

"चालून राहिलं न ते? मंग कायले हात लावता?"

दिवाळीच्या सुट्टीनंतरचा एक दिवस. गुरुजी केंद्रशाळेत मीटिंगला गेले होते. मी गोंदियाहून येताना भावाचं इंटरनेटचं डोंगल आणलं होतं. ते खिडकीच्या गजाला बांधलं की जेमतेम नेट यायचं. मला वाटलं, गुरुजी परत यायच्या आत मशीन नवंकोरं करून ठेवू, खूश होतील. मी बटण दाबलं. टक्के चढू लागले. मधल्या सुट्टीत खिचडी वाटली, परत येऊन पाहिलं तर निम्मंच झालं होतं. दुपारच्या दुसऱ्या तासाला लाइन गेली.

लाइन परत आल्यावर पडदा काळाच राहिला. वर पांढऱ्या अक्षरांची एक ओळ इंग्रजीत, बस.

मी दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितलं. गुरुजींनी लुगड्याचं झाकण उचललं, काळा पडदा पाहिला, झाकण परत घातलं आणि ते वर्गावर निघून गेले. रागावले असते तर बरं झालं असतं.

दोन दिवसांनी मीच म्हटलं, गोंदियाला नेऊ. तिथे दुरुस्त करणारे आहेत. शनिवारी अर्धी शाळा करून निघालो. पेटी गुरुजींनी आपल्या दुपट्ट्यात बांधून घेतली. केशोरीहून एसटीनं अर्जुनी, तिथून पॅसेंजर. मी म्हटलं, वर सामानाच्या फळीवर ठेवू. त्यांनी ऐकलं नाही. सगळा प्रवास पेटी मांडीवर घेऊन, दोन्ही हातांनी धरून बसले. समोरच्या बाकावर शिंगाड्यांचं पोतं घेऊन बसलेल्या एका म्हाताऱ्यानं बराच वेळ पाहिलं आणि मग विचारलंच.

"काय हाय जी याच्यात?"

"शाळेचा कॉम्प्युटर."

"बिमार हाय का?"

"हो जी. गोंदियाले दवाखान्यात नेऊन राहिलो."

म्हातारा गंभीरपणे मान हलवत म्हणाला, "नीट होईन. चांगले डॉक्टर हायत तिथं." आणि त्यानं मूठभर शिंगाडे गुरुजींपुढे धरले. हात मोकळे नव्हते म्हणून ते मी घेतले. मशीन बंद पडल्यापासून गुरुजी तिथे पहिल्यांदा हसले.

गोंदियाच्या बाजारातल्या दुकानदारानं पेटी उघडली, वायर जोडली, दोन मिनिटांत निकाल दिला. "मॅडम, पूरा सिस्टम बैठ गया. फॉरमॅट मारना पडेगा."

"और डाटा?" मी विचारलं.

"डाटा बचा दूंगा. टेन्शन मत लो."

त्यानं खरंच वाचवला. तासाभरानं मशीन सुरू झालं, गुरुजींची फाइल जिथल्या तिथे दिसली. मी आनंदानं ती उघडली आणि पडद्यावर नुसती खिचडी. इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं, आकडे, प्रश्नचिन्हं. एकही मराठी अक्षर नाही. पानामागून पान तसंच.

"फॉन्ट उड गया है," दुकानदार म्हणाला. "कौनसा फॉन्ट था?"

आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. त्याचं नाव बघायचं असतं हेच गुरुजींना कधी कळलं नव्हतं. सीडी तो बसवणारा माणूस घेऊन गेला होता. दुकानदारानं त्याच्याकडचे चार-पाच फॉन्ट लावून पाहिले. अक्षरं मराठी दिसायची पण शब्द एकही लागेना. "तलाव"च्या जागी असलं काहीतरी यायचं की वाचता येऊ नये. शेवटी त्यानं हात वर केले. "इसमें मैं कुछ नहीं कर सकता, गुरुजी."

परतीच्या गाडीत गुरुजी खिडकीबाहेर बघत होते. धान कापून झालं होतं. कापलेल्या बांध्यांमधून लाखोरीच्या डाळीचे कोंब वर आले होते. मी म्हटलं, "गुरुजी, मी चुकले."

ते तसेच बाहेर बघत म्हणाले, "लाइन तर तुमी नाही न बंद केली."

पुढचे आठ-दहा दिवस ते शाळा सुटली की सरळ घरी जायचे. काकू फाटकाशी थांबेनाशा झाल्या, थांबायचं कारणच उरलं नव्हतं. मला शाळेत बसवत नव्हतं. एका दुपारी मुलं गेल्यावर मी ती फाइल पुन्हा उघडली आणि उगाच त्या खिचडीकडे बघत बसले. एक गोष्ट लक्षात आली. चार चिन्हांचा एक पुंजका फार ठिकाणी येत होता. इंग्रजी डी, मग एक्स, मग कंस, मग झेड. प्रत्येक पानावर दहा-दहा वेळा.

गुरुजी दप्तर आवरत होते. मी त्यांना बोलावलं. "हे बघा, हा कोणता शब्द असेल?"

त्यांनी चष्मा लावून पाहिलं. "मले काय माहीत? मी इंग्रजी थोडंच लिहिलं?"

"पण तुम्ही बटणं हीच दाबली असतील ना? डी लिहिलेलं बटण दाबलं की कोणतं अक्षर यायचं?"

"ते आता कसं सांगू? तक्ता गेला न."

असं म्हणता म्हणता ते खुर्चीवर बसले आणि त्यांचं बोट आपोआप कीबोर्डवर गेलं. डी वर टेकलं. ते थांबले. डोळे मिटले. "त," ते म्हणाले. बोट एक्सवर गेलं. "ल." कंसावर गेलं. "काना." मग खालच्या ओळीत झेडवर. "व."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

"तलाव," ते म्हणाले. मग मोठ्यानं, भिंतीला ऐकू जावं तसं, "अवं मॅडम, तलाव!"

नुसतं चिन्ह पाहून त्यांना अक्षर सांगता यायचं नाही. पण बोट त्या बटणावर ठेवलं की अक्षर तोंडात यायचं. "डोळ्याले ठाऊक नाही," ते म्हणायचे, "बोटाले ठाऊक आहे." तेव्हा आम्ही असं ठरवलं की पडद्यावरचं चिन्ह मी वाचायचं, ते बोट ठेवून अक्षर सांगणार आणि मी ते लांब वहीत लिहून घ्यायचं.

"एस."

"र."

"एस, मग स्वल्पविराम."

"रु."

"पी."

"स... रुस... रुसवी! रुसवी बांधी आली, लिहा."

ही अशी ओळ ओळ करत आम्ही पूर्ण हिवाळा काढला. शाळा सुटली की सूर्य तलावात उतरेपर्यंत. लाइन गेली की बाहेर ओट्यावर बसायचं. पाळीवरून गुरं परतायची. पाणकोंबड्या ओरडायच्या. कुणी पोपट, म्हणजे हिरव्या वालाच्या शेंगा, उकडून आणून द्यायचं. लाइन आली की पुन्हा आत. मधेच गुरुजी एखाद्या बांधीची गोष्ट सांगायला लागायचे आणि मी चिन्ह वाचायला विसरायची. ती बोली मला त्या दोन-अडीच महिन्यांत आली. शिकवायचं कसं ते मी आधी शिकले असेन किंवा नंतर, पण ऐकायचं कसं ते तिथे शिकले.

संक्रांत होऊन गेल्यावर केव्हातरी शेवटचं पान झालं. दोन लांब वह्या भरल्या होत्या. त्या उन्हाळ्यात गुरुजी निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमात त्यांनी वह्या ग्रामपंचायतीला दिल्या नाहीत. माझ्या हातात दिल्या आणि म्हणाले, "छापून आणा. घाई नाही."

मीच फार उशीर केला. बदली झाली, लग्न झालं, मुलगी झाली. वह्या कपाटात राहिल्या. तीन वर्षांपूर्वी एका उन्हाळ्यात मी त्या काढल्या आणि फोनवरच लिहायला बसले. आता मराठीला फॉन्ट शोधावा लागत नाही, पण फोन शहाणपणा करतो. मी बांधी लिहिलं की तो बांधील करायचा. तुडुमचं तुडुंब. धानाच्या रोपांना तिकडे परहे म्हणतात, त्याचे त्यानं पहारे केले. रुसवी बांधीला तर प्रत्येक वेळी रुसवा. मी दुरुस्त करायची, पुढे जायची, मागे वळून बघावं तर त्यानं पुन्हा बदललेलं. दोन उन्हाळे गेले त्यात. पण झालं.

गेल्या वर्षी नवरात्रानंतर अर्जुनीला एक प्रशिक्षण होतं. तिथे मी छापून घेतलं, स्पायरल लावलं आणि एका मैत्रिणीची स्कूटी मागून गावाकडे निघाले. मला रस्ता पाठ असायला हवा होता, पण नवीन फाटे निघालेत, म्हणून नकाशा लावला. नकाशानं मला डावीकडे वळवलं, मग पुन्हा डावीकडे, आणि सरळ तलावाच्या पाळीवर चढवलं. शंभर-दीडशे पावलांवर पाळ संपली आणि पुढे सांडव्यावरून पाणी खळाळत वाहत होतं. फोन म्हणत होता, सरळ जा.

खाली गवत कापणारी एक बाई उभी राहिली. "काऊन जी, इकडं कुठं?"

"फोननं हाच रस्ता सांगितला."

"उन्हाळ्यात असते इथून वाट. फोनले पावसाळा समजत नाही का?"

स्कूटी वळवायला जागा नव्हती. तिनं विळा कमरेला खोचला, मागून धरलं आणि आम्ही दोघींनी ती उलटी ढकलत रस्त्यापर्यंत आणली.

गुरुजी अंगणात खाटेवर बसले होते. पार वाळले होते, पण आवाज तोच. दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं. मी पुस्तक हातात ठेवलं. त्यांनी आधी ते उघडलंच नाही, वरून हात फिरवला. मग म्हणाले, "तुमीच वाचा. बारीक अक्षर दिसत नाही."

मी वाचायला लागले. काकू ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. पाळ झाली, तुडुम झालं, बांध्यांची पाळी आली. बेलबांधी, तिच्याखाली बुढीची, तिच्याखाली नागबांधी, मग रुसवी.

"नाही," काकू म्हणाल्या.

आम्ही दोघंही थांबलो.

"नागबांधीचं पानी रुसवीत कुठून जाईन? मधात सासूबांधी हाय न. थे भरल्याबिगर रुसवीत थेंब उतरत नाही. मनूनच तं थिले रुसवी म्हणतेत." सुपातून नजर न काढता त्या म्हणाल्या. "आनि वरतं बी दोन ऱ्हायल्या."

गुरुजी त्यांच्याकडे बघतच राहिले. "तुले माहीत होतं तं तवा काऊन नाही सांगतलं?"

"मले कोनी इचारलंच नाही. तुमी म्हाताऱ्यांपाशी बसत होते. थ्या म्हाताऱ्यांनं कधी परहे लावून रोवना केला का? चाळीस वर्सं त्या बांध्यांत वाकली मी."

गुरुजींनी काठी बाजूला केली, सरकून खाटेवर जागा केली आणि काकूंना म्हणाले, "इथं ये. बस."

"तांदूळ कोन निवडन?"

"मी निवडतो."

काकू सूप घेऊनच आल्या, तर गुरुजींनी खरंच ते स्वतःकडे ओढून घेतलं. दिसत नव्हतं, बोटांनीच खडे चाचपत बसले. काकू पदरानं हात पुसत खाटेवर टेकल्या, जराशा लाजल्याही. मी फोन काढला. नवं पान उघडलं आणि कीबोर्डची ती शब्द बदलायची खोड आधी बंद केली.

"काकू, तलावापासून सांगा," मी म्हटलं. "सावकाश."

"सगळ्यात वरतं डवरबांधी," त्या म्हणाल्या. "लिवलं का?"

"लिहिलं."

"मंग आयका."